सिरोंच्याचा मोठ्या पायांचा प्राणी : बारापासॉरस



'बारापासॉरस' हे नाव फळ्यावर लिहिले की वर्गातून पहिला प्रश्न हमखास येतो, "सर, याला बारा पाय होते का?" मराठी मुलांना असे वाटणे साहजिक आहे. पण हा 'बारा' आकड्यातला नव्हे. बंगालीत 'बडो' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. हिंदीतला 'बड़ा' आणि आपल्या बोलण्यातला 'बडा' हे त्याच घरातले शब्द. 'सॉरस' हा ग्रीक शब्द, अर्थ सरडा. मोठ्या पायांचा सरडा, असा सरळ अर्थ. 'ड़' हे अक्षर इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर'ने लिहितात आणि तेच स्पेलिंग पुन्हा देवनागरीत वाचले की 'बडा'चा 'बारा' होतो, एवढीच ही गंमत आहे. पाय चारच होते.

हा प्राणी निवडण्याचे कारण असे की डायनासोर म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर एक तर अमेरिकेतला सिनेमा येतो, नाही तर आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातली बागची अंडी. बारापासॉरस या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तो महाराष्ट्राच्या मातीत सापडला, त्याचे नाव भारतीय भाषेतले आहे, आणि लांब मानेच्या महाकाय शाकाहारी डायनासोरांच्या ज्या घराण्याला सॉरोपॉड म्हणतात त्या घराण्यातल्या जगातील अगदी आरंभीच्या सभासदांपैकी तो एक आहे. शिवाय त्याचे डोके आजपर्यंत कोणालाही सापडलेले नाही. डोके नसलेल्या प्राण्याबद्दल आपण काय सांगू शकतो आणि काय नाही, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो.

आधी जागा पाहू. नकाशात वर्धा आणि वैनगंगा या नद्या शोधा. त्या एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता खाली सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. महाराष्ट्राचे हे अगदी आग्नेय टोक. आज हा भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. १९८२ पर्यंत तो जुन्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता. सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाच्या परिसरात बारापासॉरसची हाडे मिळाली. ज्या खडकात ती होती त्याला भूगर्भशास्त्रात 'कोटा' खडक म्हणतात. राजस्थानच्या कोटाशी त्याचा काही संबंध नाही. प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचे लहानसे गाव आहे, त्याचे हे नाव. तिथल्या चुनखडीत माशांचे जीवाश्म सापडतात हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच माहीत होते.

हा सगळा मुलूख गोंडांचा. भूगोलात तुम्ही 'गोंडवन' खंडाचे नाव वाचता ना, ते याच गोंड प्रदेशावरून आले आहे. बारापासॉरस जिवंत होता तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्याबरोबर तो दक्षिणेकडच्या त्याच विशाल भूखंडाचा भाग होता. हिमालय नव्हता. सह्याद्री नव्हता. ज्या लाव्ह्याच्या थरांवर आपले इंदूर आणि सगळा माळवा वसलेला आहे, ज्यांच्यापासून आपली काळी माती झाली, ते थरही अजून पडायचे होते.

काळाचा हा हिशेब मुलांच्या लक्षात राहत नाही, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात पट्टीने मोजून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख वर्षे धरा. भिंतीजवळ 'आज' अशी खूण करा. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला त्याची खूण भिंतीपासून सुमारे तीन सेंटीमीटरवर पडेल. डायनासोर नष्ट झाले ती खूण साडेसहा मीटरच्या थोडी पुढे. धार जिल्ह्यातली अंडी घालणारे डायनासोर साधारण तिथेच येतात. आणि बारापासॉरस? अठरा ते एकोणीस मीटरवर. म्हणजे आपल्यापासून अंड्यांपर्यंत जेवढे अंतर, त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर अंड्यांपासून बारापासॉरसपर्यंत आहे. 'डायनासोरच्या काळात' असे आपण सहज म्हणतो, पण तो काळ एवढा लांबलचक होता की बागच्या डायनासोरांच्या दृष्टीने बारापासॉरस हा आपल्या दृष्टीने ते आहेत त्याहूनही प्राचीन होता.

आता शोधाची हकीकत. ती कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटशी जोडलेली आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेचे डायनासोरशी काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. या संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी फार व्यापक होती. जिथे जिथे मोजमाप आहे तिथे तिथे संख्याशास्त्राला स्थान आहे, या विचाराने त्यांनी संस्थेत अनेक विज्ञानशाखा आणल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून आल्या आणि संस्थेत भूगर्भशास्त्राचा विभाग सुरू झाला. या विभागातील तरुण संशोधकांनी प्राणहिता-गोदावरीचे खोरे पायाखाली घातले. १९५८ मध्ये पहिली हाडे दिसली, आणि बहुतेक हाडे १९६० व १९६१ या दोन वर्षांत उकरून काढली गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, हे आपल्याला पाठ असते. त्याच सुमारास त्या नव्या राज्याच्या एका कोपऱ्यात हे काम चालले होते.

मिळालेल्या हाडांत मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर लांब होते. आपल्या दहावीतला उंच मुलगा त्याच्या शेजारी उभा केला तर दोघे जवळपास सारखेच भरतील. एवढे मोठे हाड पाहून उत्खननाच्या जागीच 'बडा पा' हे टोपणनाव पडले आणि पुढे तेच अधिकृत झाले. नावाचा दुसरा भाग 'टागोरेई' आहे. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते, म्हणून हा मान. कवीचे नाव डायनासोरला मिळावे ही गोष्ट मला तरी फार आवडते. पूर्ण नाव 'बारापासॉरस टागोरेई'. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी आणि शंकर चटर्जी या चौघांनी १९७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हाडे निघाल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत चौदा वर्षे गेली. निकाल उशिरा लागला की चिडणाऱ्या आपणा सर्वांना हे सांगायला हरकत नाही.

सुमारे तीनशे हाडे मिळाली, तीही पावणेतीनशे चौरस मीटर एवढ्याशा जागेत. काही हाडे जिवंतपणी जशी जोडलेली असतात तशीच, काही सुटी, विखुरलेली. आता तीनशे हाडांच्या ढिगात किती प्राणी आहेत हे कसे ओळखायचे? एका प्राण्याला डाव्या मांडीचे हाड एकच असते. तेव्हा एकाच बाजूच्या मांडीची हाडे मोजायची. जेवढी हाडे तेवढे प्राणी तरी नक्की. या मोजणीतून किमान सहा प्राणी निघाले. 'किमान' हा शब्द सोडायचा नाही, कारण ज्याच्या मांडीचे हाड वाहून गेले तो मोजणीत येत नाही. पाचवीच्या मुलाला समजेल एवढे हे गणित सोपे आहे.

हाडांबरोबर दगड झालेले मोठमोठे वृक्षांचे बुंधे मिळाले. यावरून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की मोठ्या पुरात एक कळपच सापडला असावा, आणि झाडे व प्राणी एकाच जागी येऊन गाळात गाडले गेले. जड हाडे तळाशी बसली. कवटीसारखी हलकी, पातळ हाडे मात्र पाण्याबरोबर पुढे गेली. त्या कवट्या कुठे रुतल्या की फुटून नाहीशा झाल्या, ते त्या पुरालाच माहीत. लांब मानेच्या या डायनासोरांची कवटी शरीराच्या मानाने फार लहान आणि नाजूक असते, मानेशी तिचा सांधाही कच्चा असतो. त्यामुळे जगभर त्यांचे धड मिळते आणि डोके हरवलेले असते.

इथे कोणीही चौकस विद्यार्थी विचारील, की तोंडच सापडले नाही तर हा प्राणी शाकाहारी होता हे कशावरून?

कवटी नाही, पण काही सुटे दात मिळाले आहेत. ते चमच्यासारखे पसरट आहेत आणि त्यांच्या कडांना जाडसर दाते आहेत. मांस खाणाऱ्या डायनासोरचा दात सुरीसारखा चपटा, मागे वळलेला आणि कडेला बारीक करवतीसारखा असतो, कारण त्याला मांस कापायचे असते. चमच्याच्या आकाराचा दात फांदीवरचा पाला ओरबाडायला उपयोगी. हा पहिला पुरावा. दुसरा पुरावा नातेवाइकांचा : या घराण्यातल्या ज्या ज्या प्राण्यांच्या कवट्या मिळाल्या त्यांचे दात आणि जबडे पाला खाणाऱ्यांचेच आहेत. तिसरा पुरावा शरीराच्या बांधणीचा. खांबासारखे सरळ चार पाय, पिंपासारखे पोट आणि लांब मान घेऊन शिकारीमागे धावता येत नाही. एकेका पुराव्यावर कोणी शंका घेऊ शकेल, पण तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

खात काय असेल? गवत नक्कीच नाही. त्या काळी पृथ्वीवर गवतच नव्हते, फुलझाडेही नव्हती. होते ते सूचिपर्णी वृक्ष, नेचे आणि सायकस जातीची झाडे. (गवताचा विषय निघालाच आहे तर सांगतो : डायनासोरांच्या अखेरच्या काळात गवत होते याचा पुरावाही जुन्या चांदा जिल्ह्यातूनच मिळाला. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथल्या डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये ते जगापुढे आले. शास्त्रज्ञ शेणही टाकून देत नाहीत.) असो.

असा कडक, चिवट पाला पचवायला फार वेळ लागतो. गाय आधी गिळते, मग सावकाश रवंथ करते. हत्तीला मोठ्या दाढा आहेत, तरी तो दिवसातले सोळा-अठरा तास खातच असतो. सॉरोपॉडांना दाढा नव्हत्या आणि ते चावत नसत. ओरबाडायचे आणि गिळायचे. मग पोटातल्या सूक्ष्मजीवांनी तो पाला दिवसेंदिवस आंबवायचा. त्यासाठी पोट मोठे हवे. पोट मोठे म्हणजे ते पेलणारे पाय मोठे हवेत. एवढे धूड प्रत्येक घासाला हलवणे परवडत नाही, म्हणून एका जागी उभे राहून चौफेर पोचणारी मान लांब हवी. आणि लांब मानेच्या टोकाला जड डोके चालत नाही, म्हणून डोके लहान. बारापासॉरसचा मोठा पाय आणि हरवलेले डोके या दोन्ही गोष्टी शेवटी चिवट पाल्यापाशी येऊन पोचतात. जुन्या पुस्तकांत हे प्राणी गळ्यापर्यंत पाण्यात उभे दाखवलेले असतात, कारण एवढे वजन जमिनीवर पेलवणार नाही असे तेव्हा वाटे. ती कल्पना आता मागे पडली आहे. छातीवर पाण्याचा एवढा दाब आला असता तर त्यांना श्वासच घेता आला नसता. घरातल्या जुन्या विश्वकोशात तसे चित्र असेल तर मुलांना हे सांगावे.

बारापासॉरसला आरंभीचा का म्हणायचे, हेही हाडांवरूनच ठरते. कमरेच्या हाडाला घट्ट जुळलेल्या मणक्यांची संख्या पाहा. त्याच्या आधीच्या लहान नातेवाइकांत ती साधारण तीन असते, बारापासॉरसमध्ये चार आहे आणि नंतरच्या अतिप्रचंड सॉरोपॉडांत पाच किंवा अधिक. वजन वाढत गेले तसा कमरेचा जोड पक्का होत गेला आणि आपला प्राणी त्या वाटेवर मध्येच उभा आहे. या जातीचे शास्त्रीय नाव अधिकृतपणे ज्या नमुन्याशी बांधले आहे तो नमुना कमरेच्या या जुळलेल्या मणक्यांचाच. नंतरच्या सॉरोपॉडांचे मणके आतून पोकळ होऊन हलके झाले. बारापासॉरसमध्ये त्या पोकळ्यांची सुरुवातच दिसते. लांबीचे अंदाज मात्र वेगवेगळे आहेत, चौदा मीटरपासून अठरा मीटरपर्यंत. मान-शेपटीचे किती मणके गहाळ आहेत असे धरायचे, त्यावर ते अवलंबून राहते.

प्राणहितेच्या पलीकडच्या तीरावर, आजच्या तेलंगणात, यामनपल्ली गावाजवळ त्याच कोटा खडकात आणखी एक शाकाहारी सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्याला 'कोटासॉरस' हे नाव दिले. तो बारापासॉरसहून लहान, सुमारे नऊ मीटर लांब आणि बांधणीने आणखी जुन्या वळणाचा. त्याची आठशेहून अधिक हाडे मिळाली, पण कवटी त्याचीही नाही. हाती आले ते फक्त दोन दात!

आता पालकांशी आणि विश्वस्त मंडळाशी थोडे बोलायचे आहे. पोचमपल्लीची सगळी कथा आपल्याला कळली ती हाडे 'कुठे आणि कशी' पडली होती याची नोंद ठेवली म्हणून. सहा प्राणी, पूर, बरोबरचे वृक्ष, हलक्या हाडांचे वाहून जाणे, यातले काहीही एखाद्या सुट्या हाडावरून समजले नसते. तेच हाड कोणी उचलून दिवाणखान्यात ठेवले असते तर तो फक्त एक जड दगड राहिला असता.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपण नर्मदेच्या खोऱ्याच्या काठावर राहतो. भारतातील डायनासोरची पहिली हाडे १८२८ मध्ये आपल्याच राज्यात, जबलपूरला, कॅप्टन स्लीमन यांना मिळाली होती. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासात येतात तेच हे स्लीमन. धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका घरट्यात किती अंडी, दोन घरट्यांत अंतर किती, अंडी कशी मांडलेली, असे प्रश्न या अभ्यासात होते आणि त्यांची उत्तरे अंडी जागेवर होती म्हणूनच मिळाली. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या जे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पूजत होते, त्यांतले काही डायनासोरची अंडी असल्याचे त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी सांगितले. माझ्या मते त्या गावकऱ्यांनी ती अंडी आपल्यापेक्षा चांगली सांभाळली. आपल्याकडे बाग भागातून अंडी उचलून आणण्याचे आणि विकण्याचेही प्रकार झाले आहेत, ते वर्तमानपत्रांत आपण वाचलेच आहेत.

म्हणून यंदाच्या सहलीपासून शाळेचा नियम असा राहील : बाग, मांडव किंवा नर्मदाकाठच्या सहलीत काही वेगळा दगड दिसला तर तो उचलायचा नाही. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून शिक्षकांनी त्याचा फोटो काढायचा, जवळचे गाव, नाला, शेत यांची वहीत नोंद करायची आणि ती नोंद विज्ञान विभागात जमा करायची. ज्यांच्या घरी असे दगड आधीपासून आहेत त्यांनी ते कुठून आणले हे आठवत असेल तर आजच एका कागदावर लिहून दगडाबरोबर ठेवावे. आजी-आजोबांना विचारावे, त्यांना आठवेल. शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेच्या कपाटात बिनचिठ्ठीचे सात दगड आहेत. ते कोणी आणि कुठून दिले हे माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला ठाऊक असल्यास कार्यालयात कळवावे, ही विनंती.

ज्यांना हे प्राणी प्रत्यक्ष पाहायचे आहेत त्यांच्यासाठी : बारापासॉरसचा उभा केलेला सांगाडा कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या भूगर्भशास्त्र संग्रहालयात आहे, आणि कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात. आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचे नातेवाईक हैदराबादला आहेत, तेव्हा सुट्टीत तिकडे जाणे झाले तर अर्धा दिवस काढावा. सांगाड्यापुढे उभे राहिल्यावर मुलांना एकच काम द्यावे : डोके नीट पाहायचे, आणि ते कोणत्या हाडावरून बनवले असेल असे तिथल्या मार्गदर्शकाला विचारायचे.